मधली सीट

विमानाची चाकं जमीन सोडतात आणि तारळेकरांचे डोळे मिटायला लागतात. ही त्यांची जुनीच खोड. अशा वेळी बाकीची माणसं खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात, कोणी ओठातल्या ओठात देवाचं नाव घेतं, आणि मुकुंद तारळेकर, वय वर्षं अठ्ठावन्न, पंपांच्या कंपनीतले सर्व्हिस विभागाचे साहेब, एसटीत बसल्यासारखे पेंगू लागतात. तेवीस वर्षं महिन्यातून चार-चार वेळा उडायचं म्हटल्यावर माणूस त्याचं कौतुक तरी किती दिवस करणार?

पुण्याहून दिल्लीला जाणारं दुपारचं विमान आहे. चौथी रांग, डावी बाजू. वाटेकडच्या सी सीटवर तारळेकर आहेत. मधली बी रिकामी आणि खिडकीची ए सीटसुद्धा रिकामी. दोन्ही सीटांचे पट्टे उघडे पडलेत. खिडकीच्या सीटचा एक पट्टा तर खाली लोंबतोय. तारळेकरांनी तो पाहून ठेवलाय, कारण विमानातल्या असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

मघाशी केतकी येऊन गेली. केतकी ही इथली एअर होस्टेस, मूळची सांगलीची. तारळेकरांना ती नावानं ओळखते.

"सर, आज ऐश आहे तुमची. अख्खी रांग तुम्हालाच."

"दिसतंय खरं तसं."

"मॅडम नाही आल्या? मागं एकदा भेटल्या होत्या बघा. मला आवळासुपारी दिली होती त्यांनी, कान दुखत होता म्हणून."

तारळेकरांना आठवलं. मग ते म्हणाले, "नाही. या वेळी नाही आल्या."

केतकी हसून पुढे गेली. वासंती जाऊन आठ महिने झाले हे तिला सांगायला हवं होतं. पण विमान सुटायच्या वेळी असलं काही सांगायचं कसं, हे तारळेकरांना सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. विमान कंपनीच्या ॲपलासुद्धा नाही. सीट घ्यायची म्हटलं की ते ॲप विचारतं, सोबत कोण आहे? खाली एकच नाव येतं, वासंती मुकुंद तारळेकर, आणि नावापुढं एक रिकामा चौकोन. तारळेकर तो चौकोन तसाच सोडून पुढे जातात. नाव काढून टाकायचं बटण कुठं आहे ते त्यांना पक्कं माहीत आहे.

सीट हा तारळेकरांच्या अभ्यासाचा विषय. कुणी पानं लावण्यात तरबेज असतं, कुणी आंबे पारखण्यात. तारळेकर सीट पारखतात. पहिल्या रांगेत पाय पसरता येतात पण बॅग पायाशी ठेवू देत नाहीत. आपत्कालीन दारापुढच्या रांगेची पाठ मागे कलत नाही. दुपारी दिल्लीला जाताना डावीकडे बसलं तर ऊन थेट तोंडावर येतं, म्हणून शहाण्या माणसानं उजवीकडे बसावं. चेक-इन उघडलं की पहिल्या मिनिटाला हे फोनवर हजर. पुढे विमान कंपनीचं गोल्ड कार्ड आल्यावर तर पुढच्या सगळ्या सीटा त्यांच्यासाठी मोकळ्या झाल्या. पण त्यांची सगळ्यात लाडकी युक्ती कार्डाच्याही आधीची. ती त्यांनी वासंतीला तिच्या पहिल्या विमानप्रवासाच्या वेळी, घरी जेवताना शिकवली होती.

"आपण एक खिडकी घ्यायची आणि एक वाटेकडची. मधली कोणी आपण होऊन मागत नाही. विमान भरलं नाही तर रांग आपलीच."

"आणि भरलं तर?"

"भरलं तर मधे जो येईल त्याच्यासमोर ओळख दाखवायची नाही. ओळख दाखवली की तो म्हणणार, मग तुम्ही दोघं शेजारी बसा ना, मी कडेला सरकतो. झालं! गेली सीट."

वासंती ताटावर हसत सुटली होती. "म्हणजे तीन तास परक्या बाईसारखं बसायचं?"

"दोनच तास. आणि बस की! मजा येईल."

मजा यायचीही. पुढच्या चौदा वर्षांत ती दोघं बऱ्याचदा विमानानं गेली, कधी मधली सीट रिकामी राहिली, कधी कोणी येऊन बसलं. आलाच कोणी तर दोघं मख्ख चेहऱ्यानं बसायची आणि सामानाच्या पट्ट्यापाशी पोचल्यावर पोट धरून हसायची. एकाही विमानात दोघं शेजारी शेजारी अशी कधी बसलीच नाहीत.

आता तारळेकर मुद्दाम डावी बाजू घेतात. ऊन लागतं, लागू दे. वासंतीला उन्हाची बाजू आवडायची. इंजिनाची घरघर कानात जाऊन बसते, ऊन पापण्यांवर येतं, पापण्यांच्या आतला अंधार तांबूस होतो.

"हल्ली ऊन खाता वाटतं?"

तारळेकर डोळे उघडतात. निदान उघडले असं त्यांना वाटतं.

खिडकीशी वासंती बसलीय. मोरपंखी पंजाबी ड्रेस, त्यावर तो कोपरात विटलेला स्वेटर, विमानात फार गार असतं म्हणून प्रत्येक वेळी घातलेला. तिला केस आहेत. सगळे. वेणी पुढे घेऊन ती तिच्या टोकाशी चाळा करतेय.

ती गेली आहे हे तारळेकरांना पुरतं ठाऊक आहे. तरी तिला बघून त्यांना नवल वाटत नाही. वाटते ती धास्ती, आपण हललो तर ही उठून जाईल याची. म्हणून ते मानही न वळवता विचारतात, "तू कुठून चढलीस?"

"मी उतरलेच कुठे होते?"

"आठ महिने झाले, वासंती."

"असतील. इथून कळत नाही." ती खिडकीबाहेर बघते. "खाली काही दिसतच नाही. तुम्ही म्हणायचात, नर्मदा दिसली की मला दाखव. मी बघत असते. नर्मदा येतच नाही."

तारळेकर वाकून बघायला जातात. मधे सीट आहे. ती ओलांडून त्यांना खिडकीपर्यंत पोचता येत नाही. ते आणखी वाकतात. सीट आणखी रुंद होते. वासंती आता माजघराच्या पलीकडच्या टोकाला बसावी इतकी लांब दिसतेय, आणि तिच्या खिडकीतून येणारं ऊन मात्र इथं त्यांच्या गुडघ्यावर पडलंय.

"वाकू नका, कंबर धरेल," ती तिकडून म्हणते.

ते मागे वळून बघतात. विमान भरलेलं आहे. पाचवी रांग, सहावी, सातवी, शेवट दिसत नाही इथपर्यंत. प्रत्येक रांगेत खिडकीशी एक माणूस आहे आणि वाटेकडे एक. मधल्या सीटा सगळ्या रिकाम्या आहेत. खिडकीशी बसलेली माणसं बाहेर बघतायत. वाटेकडे बसलेली माणसं समोर बघतायत, हात पट्ट्याच्या बकलावर ठेवून, दार उघडलं की सगळ्यांत आधी उठता यावं म्हणून. कोणी कोणाशी बोलत नाही.

"ही कोण माणसं?"

"आपल्यासारखीच," वासंती म्हणते. "वाटेकडच्यांना लवकर उतरायचं असतं."

आपलाही हात बकलावर आहे हे त्यांना आत्ता दिसतं.

"माफ करा हं. माझी मधली आहे."

वाटेत एक स्थूल गृहस्थ उभे आहेत. अंगात खादीचा सदरा, हातात मिठाईचा खोका. तारळेकर त्यांना लगेच ओळखतात. ते दीड वर्षापूर्वीचे, फेब्रुवारीतले गृहस्थ. तेव्हाही अशीच दुपार होती, हीच चौथी रांग होती. वासंती आणि तारळेकर दिल्लीला भाच्याच्या लग्नाला निघाले होते. घराला कुलूप लावताना वासंती म्हणाली होती, "विमानात जरा बोलायचंय तुमच्याशी. तिथं तरी फोन बंद असतो तुमचा." तारळेकर "हो हो" म्हणाले होते आणि टॅक्सीवाल्याला हात केला होता.

आत्ताही तसंच होतं. गृहस्थ तारळेकरांच्या गुडघ्यांवरून कसेबसे आत सरकतात, बसतात, खोका मांडीवर ठेवतात. त्यांच्या पोटापलीकडून वासंती पुढे झुकते.

"अहो," ती हळूच म्हणते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं कधी त्यांना नावानं हाक मारली नाही. तिचं 'अहो' भर बाजारात शंभर माणसांतून तारळेकरांना ऐकू यायचं. आत्ताही ऐकू आलंय.

"अहो, ऐकलंत का?"

गृहस्थ एकदा तिच्याकडे बघतात, एकदा तारळेकरांकडे. चांगला माणूस आहे. मनापासून विचारतो, "तुम्ही एकत्र आहात का? असाल तर मी कडेला सरकतो. तुम्ही शेजारी बसा."

तारळेकरांना आत्ता 'हो' म्हणायचंय. कितीतरी महिने झाले, त्यांना फक्त एवढंच म्हणायचंय. ते तोंड उघडतात.

"नाही," त्यांचं तोंड म्हणतं. "आम्ही एकत्र नाही."

तेव्हाही हेच म्हणालं होतं. युक्ती अंगवळणी पडली होती. आणि वासंतीनं, तेव्हाही आणि आत्ताही, पुढे झुकलेली मान मागे घेतली, वेणी पाठीवर टाकली आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. खेळाचा नियम तिनं शेवटपर्यंत पाळला. इतका, की तासाभरानं बाथरूमला जायला उठली तेव्हा तारळेकरांच्या खांद्याला तिनं हातसुद्धा लावला नाही.

"एक्सक्यूज मी," ती म्हणते. "जरा जाऊ देता?"

तारळेकर सभ्य माणसासारखे उठून बाजूला होतात. वासंती त्यांच्या समोरून जाते. अंगाला खोबरेल तेलाचा वास आहे. ती वाटेतून मागे चालायला लागते, आणि या वेळी तारळेकर सीटवर परत बसत नाहीत. ते तिच्यामागून निघतात.

"वासंती, थांब."

ती थांबत नाही. रांगांचे आकडे मागे पडतात, बारा, एकोणीस, सव्वीस. पायाखालचा गालिचा गुळगुळीत फरशी झालाय. फिनेलचा वास येतोय. दोन्ही बाजूंना पडदे आहेत, पडद्यांवर आकडे आहेत, भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. इथंही माणसं बसलीत आणि इथंही एकाआड एक खुर्ची रिकामी आहे. पांढऱ्या कपड्यांतली केतकी हातात फाइल घेऊन उभी आहे. ती केतकीच आहे, पण ती तारळेकरांना ओळखत नाही.

"पेशंटबरोबर कोण आहे?" ती विचारते. "हे गृहस्थ? तुम्ही एकत्र आहात का?"

तारळेकर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरतात. बोटांच्या फटीतून शब्द बाहेर पडतो. "नाही."

"मग बाहेर बसा."

पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज येतो. "बाई, ही गाठ कधीपासून आहे?"

"फेब्रुवारीपासून असेल," वासंतीचा आवाज म्हणतो.

हा जून महिना आहे. तारळेकरांना तारीखसुद्धा माहीत आहे. त्या दिवशी ते पडद्याआड नव्हते, तिच्या शेजारीच खुर्चीवर बसले होते, आणि फेब्रुवारी हा शब्द ऐकून त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं होतं. तिनं पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, चार महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. किती बरं, हे ते म्हणाले नव्हते. घरी आल्यावर तारळेकरांनी विचारलं होतं, "त्या दिवशी विमानात हेच सांगायचं होतं का गं तुला?" वासंती चहात साखर ढवळत म्हणाली होती, "आठवत नाही हो आता." मग ती गेली. आणि तेवढी एक गोष्ट तारळेकरांच्या घशात काट्यासारखी राहून गेली. तिला खरंच आठवत नव्हतं, की आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली? इतकंच त्यांना कळायला हवंय. त्याशिवाय त्यांना घरात, ऑफिसात, जमिनीवर कुठंच झोप येत नाही.

ते पडदा ओढतात.

पडदा हलत नाही. तो पांढरा आहे, मधोमध कुंकवानं स्वस्तिक काढलंय, आणि त्याचं एक टोक मिठाईवाल्या गृहस्थांच्या हातात आहे. हा अंतरपाट आहे. तारळेकरांच्या कपाळावर मुंडावळ्या टोचतायत. कार्यालयात गर्दी आहे. माणसं खिडकीकडे आणि वाटेकडे उभी आहेत, मधे मोकळं आहे, सगळ्यांच्या मुठीत अक्षता आहेत. भटजी शेवटचं मंगलाष्टक संपवून थांबलेत. आता पडदा दूर व्हायचा, म्हणजे हार घालायचे. पडदा दूर होत नाही. पडद्याखालून हिरव्या शालूचे काठ आणि मेंदी लावलेली पावलं दिसतायत. अंगठा जरा वाकडा आहे. तो तारळेकर ओळखतात.

"माझे हात भरून आले हो," गृहस्थ काकुळतीनं म्हणतात. "एकदा काय ते सांगा. तुम्ही एकत्र आहात का?"

तारळेकर तोंड उघडत नाहीत. उघडलं तर काय बाहेर पडेल याचा त्यांना भरवसा नाही. गर्दी थांबलीय. अक्षतांच्या मुठी वर उचललेल्या तशाच आहेत. पडद्यापलीकडची पावलं वळतात.

"अहो," पलीकडून आवाज येतो. "जाऊ का मी?"

"नको!"

तो आवाज तारळेकरांचा असतो. घसा फाटून निघालेला. "नको जाऊ. एकत्र आहोत. आम्ही दोघं एकत्र आहोत हो! ती माझी बायको आहे."

गृहस्थ हुश्श करतात आणि टोक सोडून देतात.

विमान आहे. चौथी रांग. गृहस्थ कुठं गेले कोण जाणे, मधल्या सीटवर मिठाईचा खोकाही नाही. खिडकीशी वासंती आहे. तिच्या अंगावर शालू नाही, तोच विटका स्वेटर आहे. ती त्यांच्याकडे बघतेय.

"मग या की इकडे," ती म्हणते. "एकत्र आहोत म्हणालात ना."

तारळेकर बकल ओढतात. ते उघडत नाही. हा पट्टा त्यांनी हजार वेळा उघडलाय, झोपेतसुद्धा उघडलाय. ते झटतात, बोटं दुखतात.

"वर उचला, ओढू नका," वासंती म्हणते.

चौदा वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्या प्रवासात, हे त्यांनी तिला सांगितलं होतं. ते बकल वर उचलतात. पट्टा सुटतो.

"बघा हं," ती म्हणते. "मधे बसलं की पटकन उतरता येत नाही."

"नाही उतरायचं मला."

"आत्ता म्हणताय तसं."

ते मधल्या सीटवर सरकतात. त्यांच्या लक्षात येतं की आयुष्यात पहिल्यांदाच ते या सीटवर बसलेत. अंग चोरावं लागतं, हात कुठं ठेवावा कळत नाही. वासंती शेजारी आहे. इतक्या जवळ, की तिच्या स्वेटरची लोकर त्यांच्या दंडाला लागतेय. ती हात लांब करून त्यांचा पट्टा घेते, कमरेवरून ओढते, आणि बकल लावून देते. मग स्वतःचा लावते, घट्ट, जसा ती लावायची.

"आता बोलू?"

"बोल."

"हात द्या इकडे."

ती त्यांचा हात धरते आणि स्वेटरखालून डाव्या काखेत नेते. "इथं. बोटांनी बघा. लागतेय?"

तारळेकरांच्या बोटाखाली वाटाण्याएवढी एक गाठ आहे. बोट लावलं की ती जराशी सरकते.

"आंघोळ करताना हाताला लागली," वासंती म्हणते. अगदी साध्या आवाजात, भाजी आणायला सांगावं तशी. "दुखत नाही. पण मला भीती वाटतेय हो. एकटीनं डॉक्टरकडे जायला भीती वाटतेय. तुम्ही याल का माझ्याबरोबर? एवढंच विचारायचं होतं."

"येईन. उद्याच जाऊ. लग्न राहू दे, दिल्लीहून उलट पावली फिरू. एवढीशी तर आहे. वासंती, एवढीशीच आहे गं ही."

ती त्यांचा हात काखेतून काढते आणि स्वेटर खाली ओढते.

"जाऊया ना?"

"आता कुठं जाणार?" ती खिडकीकडे बघते. बाहेर ढग नाहीत, आकाश नाही, नर्मदा नाही. नुसतं ऊन आहे.

तारळेकर रडायला लागतात. मोठ्यानं रडतात. पुढच्या रांगेतलं कोणी वळून बघत नाही. "तेव्हाच का नाही सांगितलंस? तो माणूस मधे होता म्हणून? हॉटेलवर गेल्यावर मी विचारलं होतं ना, काय बोलायचं होतं म्हणून?"

"टीव्ही बघत बघत विचारलं होतंत."

"रागावली होतीस?"

"रागावले होते," ती म्हणते. "खूप. तुम्हाला खोटं वाटेल, पण तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा क्षणभर मलाही खरंच वाटलं ते. वाटलं, कोण बाई हा माणूस? याला कशाला सांगायचं असलं काही?"

"मग जूनमध्ये आठवत नाही का म्हणालीस?"

"तेव्हा राग गेला होता."

ती डोकं त्यांच्या खांद्यावर टेकते. वजन लागतं. खरं वजन, खोबरेल तेलाच्या वासाचं. तारळेकर हलत नाहीत. मागं रांगा आहेत, खिडकीशी माणसं, वाटेकडे माणसं. विमान कुठं चाललंय ते कोणी सांगत नाही आणि तारळेकरांना विचारायचंही नाही. त्यांच्या कानात दडे बसतात. वासंती म्हणते, "आवळासुपारी देऊ?" आणि ते "दे" म्हणायला तोंड उघडतात.

"सर."

कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावतंय. दुसऱ्या खांद्याला.

"सर, उतरतोय आपण. सीट सरळ करता?"

केतकी वाटेत उभी आहे. तिनं त्यांना ओळखलंय. कान गच्च झालेत, गाल ओले आहेत. तारळेकर घाईघाईनं तोंड पुसतात आणि सीटचं बटण शोधतात. ते नेहमीच्या जागी सापडत नाही.

"तुम्ही मधे कधी येऊन बसलात?" केतकी हसून विचारते. "इतकी वर्षं बघतेय सर, तुम्हाला कधी मधे बसलेलं पाहिलं नाही."

तारळेकर खाली बघतात. ते मधल्या सीटवर आहेत. उजवीकडे त्यांची सी रिकामी आहे, पेपर पडलाय, चष्म्याचं घर पडलंय. झोपेत सरकलो असू, त्यांना वाटतं. माणूस झोपेत काय काय करतो. मग ते डावीकडे बघतात.

खिडकीच्या सीटवर कोणी नाही. तिचा पट्टा बांधलेला आहे. मघाशी खाली लोंबत होता तो पट्टा आडवा येऊन बकलात बसलाय आणि बारीक कमरेच्या मापानं घट्ट ओढलेला आहे, उरलेलं टोक नीट आत खोचून. तारळेकर बकलावर बोटं ठेवतात. धातू कोमट आहे. ऊन तर खिडकीतून येतंच आहे.

केतकीचीही नजर तिकडे गेलीय. ती हातातला कागद बघते, पुन्हा सीट बघते.

"सर, ए वर कोणी येऊन बसलं होतं का? माझ्याकडे रिकामी दिसतेय."

तारळेकरांच्या घशात तो जुना शब्द तयार असतो. इतक्या वर्षांची सवय. ते तो शब्द गिळतात.

"माझी बायको आहे," ते म्हणतात. "आम्ही एकत्र आहोत."

केतकीचा चेहरा हळूहळू बदलतो. ती वाकून सी वरचा पेपर आणि चष्म्याचं घर उचलते, ते तारळेकरांच्या हातात देते, आणि "बरं सर" म्हणून पुढे आपल्या जागेवर जाऊन बसते.

चाकं जमिनीला टेकतात. विमान धावतं, मंदावतं, थांबतं. दिव्याचा टिंग आवाज होतो आणि सगळं विमान एकदम उठून उभं राहतं. डोक्यावरचे कप्पे उघडतात, बॅगा खाली येतात, माणसं वाटेत एकमेकांना खेटून दाराकडे सरकायला लागतात. पुढच्या तीन रांगा रिकाम्या होतात. मागची माणसं एकेक करत चौथ्या रांगेवरून पुढे जातात, आणि चौथ्या रांगेतून कोणी उठत नाही.